स्ट्राँग की पॉवरफुल?

इंग्रजीत लिहिताना मनात 'भक्कम', 'जोरदार', 'कडक' असं काही आलं की स्ट्राँग आणि पॉवरफुल हे दोन शब्द एकदमच पुढे येतात. दोन्हींना 'शक्तिशाली' म्हणून मोकळं झालं की घोळ सुरू होतो.

ढोबळ फरक मी असा करतो: जे ताण सोसतं ते स्ट्राँग, जे दुसऱ्यावर जोर चालवतं ते पॉवरफुल. दोर, भिंत, पूल स्ट्राँग. इंजिन, दुर्बीण पॉवरफुल. औषध आणि युक्तिवाद दोन्हीकडे चालतात. चहापाशी मात्र हा नियम लंगडा पडतो. चहा काही सोसत नाही, तरी कडक चहा स्ट्राँगच. आणि दमदार गाडी पॉवरफुल. भाषाशास्त्रज्ञ मायकेल हॅलिडे यांनी १९६६ मध्ये याच चहा-गाडीच्या जोडीवरून दाखवलं होतं, की शब्दांच्या सोयरिकी अर्थावरून पूर्ण उलगडत नाहीत. त्या कानानेच शिकाव्या लागतात.

माझं मत स्ट्राँगकडे झुकलं ते एका शिफारसपत्रामुळे. पहिल्याच ओळीत उमेदवाराचं काम पॉवरफुल म्हटलं आणि पुढे अडलो. 'जोरदार शिफारस करतो' याला पॉवरफुली रेकमेंड म्हणता येत नाही. तिथे स्ट्राँगलीच लागतं. 'मुद्दा बळकट केला' लिहायचं तर क्रियापद कुठून आणायचं? एम्पॉवर म्हणजे अधिकार किंवा सामर्थ्य देणं. मुद्दा एम्पॉवर होत नाही. उलट स्ट्राँगचं सगळं कुटुंब हाताशी असतं: स्ट्राँगर, स्ट्राँगली, स्ट्रेंग्थ, स्ट्रेंग्थन. एकदा तो धरला की परिच्छेदभर सूर तुटत नाही. त्या संध्याकाळी मी अख्खं पत्र पुन्हा लिहिलं. तेव्हापासून, शंका असेल तर आधी स्ट्राँग लावून पाहतो.

रसायनशास्त्रात तेवढं जपावं. तिथे स्ट्राँग आम्ल म्हणजे पाण्यात ज्याचे जवळपास सगळे रेणू आयनांत (विद्युतभारित कणांत) फुटतात ते, दाट (संहत) नव्हे. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल कितीही संहत असलं तरी ते वीकच.

पॉवरफुल टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. माणसांबद्दल लिहिताना कदाचित तोच हवा असेल. स्ट्राँग नेता कणखर असतो. पॉवरफुल नेत्याच्या हाती सत्ता असते. सत्तेबद्दल बोलायचं असेल तर मीही पॉवरफुलच लिहितो.