आमरसाचा कारखाना आणि प्रक्रियांचे वर्गीकरण: एपीक्यूसीच्या चौकटीचा दोन हंगामांचा अनुभव

रत्नागिरीजवळ आमचा हापूसचा रस डबाबंद करण्याचा छोटा कारखाना आहे. वर्षाचे बहुतेक उत्पादन एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत उरकावे लागते. दोन हंगामांपूर्वी एका परदेशी खरेदीदाराच्या प्रतिनिधीने पाहणीच्या वेळी ‘आंब्याची तपासणी कोठे होते?’ असे विचारले आणि त्याला तीन जागी तीन उत्तरे मिळाली. वजनकाट्यावरच्या माणसाच्या लेखी तपासणी म्हणजे डागी फळ बाजूला काढणे, आढी (पिकण्यासाठी रचून ठेवलेले आंबे) पाहणाऱ्या काकूंच्या लेखी फळ कापून साका (गरातला पांढरट, खराब भाग) आहे का ते बघणे आणि प्रयोगशाळेतील मुलीच्या लेखी रसाचा ब्रिक्स, म्हणजे गोडीचे प्रमाण, मोजणे. तिघांचेही म्हणणे खरे होते, मात्र आपण रोज करतो त्या कामांना आपल्याकडे ठरलेली नावेच नाहीत, हे त्या दिवशी मला फार लागले. एपीक्यूसीच्या प्रक्रिया वर्गीकरण चौकटीपर्यंत मी पोहोचलो तो या प्रसंगामुळे.

एपीक्यूसी ही १९७७ मध्ये स्थापन झालेली, अमेरिकेतील ह्यूस्टन येथील ना-नफा संस्था आहे. तिची ही चौकट म्हणजे कोणत्याही व्यवसायात चालणाऱ्या कामांची पाच पातळ्यांत लावलेली यादी होय. सर्वांत वर १३ मोठे वर्ग असतात आणि त्यांखाली प्रक्रियागट, प्रक्रिया, कृती व शेवटी प्रत्यक्ष कामे येतात. पहिले सहा वर्ग धोरण, उत्पादनाची आखणी, विक्री, पुरवठा, सेवा आणि ग्राहक यांचे आहेत, तर उरलेले सात मनुष्यबळ, माहिती तंत्रज्ञान, पैसा, मालमत्ता, जोखीम अशा आधार देणाऱ्या कामांचे आहेत. सर्व उद्योगांसाठीची आवृत्ती विनामूल्य उतरवून घेता येते आणि श्रेय नोंदवून ती आपल्या गरजेनुसार बदलताही येते. बँका, ग्राहकोपयोगी वस्तू अशा उद्योगनिहाय आवृत्त्याही आहेत. आम्ही मात्र सर्वसाधारण आवृत्तीच घेतली.

पहिल्या हंगामात आम्ही ती चुकीच्या रीतीने वापरली. १३ वर्ग म्हणजे १३ विभाग असे समजून मी प्रत्येक वर्गाला एक माणूस नेमायला निघालो आणि पंधरवड्यात सगळा गोंधळ झाला. कारण ही चौकट काम कोणते ते सांगते. ते कोणी करावे आणि कशानंतर करावे हे ती सांगत नाही. हे उमजल्यावर आम्ही आधी कारखान्यातली कामे आमच्याच शब्दांत कागदावर उतरवली आणि मग प्रत्येकाला चौकटीत जागा शोधली. ज्यांना ही चौकट स्वीकारायची असेल त्यांनी हाच क्रम धरावा, असे मी आग्रहाने सांगेन.

या शोधात सर्वांत मोलाची गोष्ट हाती लागली ती बागायतदारांना दिल्या जाणाऱ्या उचलीच्या बाबतीत. मोहोर धरला की आम्ही बागायतदारांना उचल देतो आणि फळ आल्यावर ती वळती करून घेतो. वडिलांच्या काळापासून हा व्यवहार खरेदीचाच भाग मानला जात होता. चौकटीत खरेदी ४.२ या गटात येते. तेथे पुरवठादाराची निवड, करार, मागणी हे सर्व आहे, परंतु उचलीची जागा काही केल्या सापडेना. अखेर ती आर्थिक व्यवस्थापनाच्या नवव्या वर्गात बसली, कारण उचल हे मुळात आपण दिलेले कर्ज आहे. तसे लिहिताच लक्षात आले की अवकाळी पावसाने फळ गळून उचल अंगावर राहिली, तर तिचा पाठपुरावा कोणाकडेच नव्हता. खरेदी पाहणारा त्याला हिशेबाचे काम समजत होता आणि हिशेबनीस खरेदीचे. आता बागायतदारनिहाय शिल्लक दर महिन्याला काढली जाते.

चौकटीतील प्रत्येक घटकाला दोन क्रमांक असतात, आणि त्यांपैकी दुसऱ्याचे महत्त्व मला उशिरा कळले. ४.२ सारखा क्रमांक त्या घटकाची यादीतील जागा दाखवतो आणि नव्या आवृत्तीत मांडणी बदलली तर तोही बदलू शकतो. पाच अंकी ओळखक्रमांक मात्र त्या घटकाला कायमचा चिकटलेला असतो. उदाहरणार्थ, दृष्टी व धोरण आखण्याच्या पहिल्या वर्गाचा ओळखक्रमांक १०००२ आहे. आमच्या नोंदवह्यांवर आणि कामाच्या सूचनापत्रांवर आता हाच क्रमांक लिहिलेला असतो.

उणिवाही आहेत. आम्ही घेतलेला मजकूर इंग्रजीत असल्याने मराठी नावे आम्हालाच घडवावी लागली आणि त्यात एक पावसाळा गेला. आढी लावणे, साका पाहणे, ३.१ किलोच्या डब्याचे सीमिंग (झाकणाची हवाबंद जोडणी) तपासणे ही कामे या यादीत नाहीत, आणि सर्व उद्योगांसाठीच्या यादीकडून ती अपेक्षाही नाही. ती आम्ही खालच्या दोन पातळ्यांवर स्वतःच्या क्रमांकांनी जोडली. वरच्या तीन पातळ्यांना हात लावला नाही. तो लावला असता तर इतरांशी तुलना करण्याची सोयच संपली असती. संस्थेकडील तुलनात्मक आकडेवारी आमच्याएवढ्या हंगामी उद्योगाला फारशी लागू पडत नाही, त्यामुळे ती डोळ्यांपुढे ठेवून कोणी या वाटेला जाऊ नये.

पाच-सहा माणसांच्या घरगुती उद्योगाला या चौकटीची गरज भासणार नाही. पण जेथे हंगामाला शंभराच्या आसपास माणसे येतात, त्यांतली निम्मी दरवर्षी नवी असतात आणि निर्यातीसाठी लेखी पुरावे द्यावे लागतात, अशा काजू, मासळी किंवा आमरसाच्या कारखान्यांनी ती अवश्य घ्यावी. सुरुवात पुरवठ्याच्या चौथ्या वर्गापुरतीच करावी आणि ती पावसाळ्यात करावी, कारण तेव्हाच आढीवरच्या आणि काट्यावरच्या माणसांना बसून बोलायला वेळ असतो. आमच्याकडे ‘तपासणी’ हा शब्द आता एकटा कोठेही लिहिला जात नाही. आवक तपासणी, साका तपासणी आणि रस तपासणी अशी तीन नावे भिंतीवरच्या फलकावर क्रमांकांसह लावलेली आहेत.