कोथरूडचा साडेपाचचा योगा क्लास: चार महिन्यांनंतर

ऑगस्टमध्ये लावला, आता डिसेंबर आलाय, म्हणजे लिहायला हरकत नाही. डहाणूकर कॉलनीजवळ एका जुन्या बंगल्याच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे, तिथे भरतो. साडेपाच म्हणजे साडेपाच, पाच पस्तीसला आतून कडी. मी दोनदा बाहेर राहिलो आणि सरळ टपरीवर जाऊन चहा-क्रीमरोल हाणला, त्या दोन दिवसांबद्दल तक्रार नाही.

पद्धत योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांची. ते १९३७ मध्ये सहा महिन्यांसाठी म्हणून डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले आणि पुण्याचेच होऊन गेले, त्यामुळे इथे प्रत्येक गल्लीत कोणीतरी त्यांचं नाव सांगतंच, त्यावर जाऊ नका, एक दिवस करून बघा आणि मग ठरवा.

मला आवडलं ते हे की इथले सर फक्त शरीराबद्दल बोलतात. मागचा गुडघा ताठ, टाच दाबा, खांदे कानापासून लांब, बास. पॉझिटिव्ह राहा, टॉक्सिन्स बाहेर पडतायत, असलं काही नाही. आधीच्या क्लासमध्ये शवासनात बासरी लावून वर प्रवचन असायचं, मला एक तर झोप यायची नाहीतर राग.

माझी मान लॅपटॉपमुळे कायम आखडलेली, सर्वांगासन महिनाभर करूच दिलं नाही, नुसते भिंतीला पाय लावून विपरीत करणी. नंतर खांद्यांखाली ब्लँकेटच्या घड्या, डोकं खाली जमिनीवर, म्हणजे मानेवर दाब येत नाही. घडीची कड जरा वाकडी दिसली की परत घालायची, आमच्या आईने पण कधी एवढा छळ केला नाही!

फक्त मेडिटेशनसाठी येणार असाल तर आधी विचारून घ्या. वेगळं ध्यान नाहीये. शुक्रवारी प्राणायाम असतो, तोही पाठीखाली ब्लँकेट घेऊन आडवं पडून, आणि पहिले कित्येक आठवडे नुसता श्वास बघायचा. मला वाटलं होतं याचे काय पैसे घेतात! पण दिवे बंद, पंखा बंद, बाहेर कुठेतरी भारद्वाज घुमतोय, आणि डोक्यात ऑफिसचं काहीच नाही, हे साधारण तिसऱ्या महिन्यात झालं, आणि तेही रोज होत नाही.

फी तीन महिन्यांची एकदम, साडेचार हजार. गणपतीत आठ दिवस गावाला गेलो ते बुडालेच, भरून देत नाहीत, हे मला पटलेलं नाही. थंडीत फरशी अक्षरशः बर्फ, मोजे चालत नाहीत, शवासनापुरती शाल न्या.

आणि एक काका. रोज साडेसहाला, ऐन शवासनात, त्यांचा गोळीचा अलार्म वाजतो. सर एका शब्दाने बोलत नाहीत. मी सुरुवातीला चिडायचो, आता तो वाजला की कळतं, अजून दहा मिनिटं पडून राहता येईल.