सोयामिल्कचं मशीन जवळपास वर्षभर वापरून: दूध सुटलं, साय नाही सुटली

मशीन बंद पडलं म्हणून लिहायला बसले. वॉरंटी संपत आलेली, नेहमीसारखं रात्री भिजवलेलं सोयाबीन घातलं, खुणेपर्यंत पाणी, बटण दाबलं, ब्लेड फिरलं आणि पुढे काहीच नाही, भांडं गारच्या गार, स्क्रीनवर एरर. मशीन कसं असतं ते फार सांगत बसत नाही, माझ्या मशीनला खाली हीटर, वर मोटर, मधे ब्लेड.

सर्व्हिसवाल्यांनी फोटो मागवले आणि फोटोवरूनच निकाल दिला की मॅडम तळाला क्षार बसलेत, पाण्यामुळे हीटर गेला, वॉरंटीत बसत नाही, अठराशे होतील. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी मिक्स येतं हे खरं, पण पुस्तिकेत फिल्टरचंच पाणी वापरा असं एका ओळीतही लिहिलेलं नाही. आणि तो थर क्षाराचा नव्हताच, सोयाबीनचा करपलेला थर होता, जो पहिल्या महिन्यापासून रोज तळाला धरतोय आणि रोज मी घासून काढतेय. प्रोटीन असलेली कुठलीही गोष्ट थेट गरम पत्र्यावर ठेवली की खाली लागणारच, हे भांडं बनवणाऱ्याला कळायला हवं होतं. अठराशे रुपये मी देणार नाही असं लिहून कळवलं, पुस्तिकेच्या पानाचा फोटो जोडला, आणि तो वाद पुढे बरेच दिवस चालला.

आता मुळात हे मशीन का घेतलं ते. दूध सोडलं ते पोटामुळे. चाळिशीनंतर दूध प्यायलं की तासाभरात पोट फुगणं, गुडगुड, कधी थेट धावाधाव. डॉक्टरांनी सांगितलं की आधी दोन-तीन आठवडे दूध पूर्ण बंद करून बघा, मग परत घेऊन बघा. तसं केलं आणि उत्तर मिळालं. लहानपणी दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज पचवायला आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम भरपूर असतं, मोठेपणी बऱ्याच जणांचं ते कमी होत जातं. जगातल्या साधारण दोन तृतीयांश लोकांना मोठेपणी लॅक्टोज नीट पचत नाही. आपल्या देशात वायव्येकडच्या लोकांना जास्त पचतं आणि दक्षिणेकडे जाऊ तसं कमी होतं. त्यामुळे "आम्ही लहानपणापासून पितोय, तुला काय झालं" असं घरात कोणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका, हा आजार नाहीये, बहुतेक माणसांचं शरीर असंच असतं.

मग सुरू झाली पॅकेटं. बदामाचं दूध आणलं, घटक वाचले, बदाम दोन-तीन टक्के, बाकी पाणी, गोडवा आणि घट्टपणासाठी गम. प्रोटीन 100 मिलीला एक ग्रॅमसुद्धा नाही, गाईच्या दुधात तीन ग्रॅमच्या वर असतं. मूठभर बदाम रात्री भिजवून सकाळी खाल्ले तर त्याहून स्वस्तात त्याहून जास्त पोटात जातं. परत आणलं नाही.

ओटचं चवीला सगळ्यात चांगलं, कॉफीत तर मला गाईच्या दुधापेक्षा आवडलं. पण साखर न घालता गोड का लागतं ते बघा, ते बनवताना एन्झाइम वापरून ओटमधल्या स्टार्चची माल्टोज साखर करतात. घरात डायबिटीस असेल तर "नो अॅडेड शुगर" वाचून खूश होऊ नका, मागची साखरेची ओळ वाचा. आणि आपल्यासारखा उकळून चहा केला की ते पेजेसारखं चिकट होतं. वर किंमत लिटरला दोनशेच्या पुढे. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी कमी झाला, ओट-बदामवाल्यांवर 18 टक्के होता आणि सोयावर 12, आता दोन्हीवर 5, तरी रोजच्या चहाला परवडणारी गोष्ट नाही ती. ही पॅकेटं शोधताना दूध म्हणून शोधू नका, 2021 पासून एफएसएसएआयने, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, कडक धोरण धरलंय, पॅकवर ड्रिंक किंवा बेव्हरेज असंच लिहिलेलं सापडेल.

सोयाच का, तर हिशोब. माझ्या नणंदेचं सासर औशाजवळ, लातूर जिल्हा, घरचं सोयाबीन. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये होता आणि बाजारात शेतकऱ्याला कितीतरी वेळा तेवढाही मिळत नाही. आम्ही त्यांच्याकडून साठ रुपये किलोने घेतो, त्यांना बाजारापेक्षा चार पैसे जास्त मिळतात. 100 ग्रॅम सोयाबीनमध्ये लिटरभर सोयादूध होतं. म्हणजे सहा रुपयात लिटर, अधिक लाईट. आणि बदाम, ओट, सोया या तिघांत प्रोटीनमध्ये गाईच्या दुधाच्या जवळ जाणारं हे एकच. या कारणासाठी मशीनचे पैसे भरले आणि सोयादुधाबद्दल आजही माझं मत चांगलंच आहे.

पण साय. यावर मला सविस्तर बोलायचंय कारण कुठल्याच रिव्ह्यूत कोणी बोलत नाही. सगळे कॅल्शियम, कार्बन, कोलेस्टेरॉल यावर बोलतात. आमच्याकडे रोज लिटरभर म्हशीचं दूध यायचं, तापवून गार केलं की वर जाड साय, ती डब्यात, आठवड्याने विरजण लावायचं, घुसळायचं, लोणी, ताक, मग कढवून तूप. महिन्याला अर्धा किलोच्या वर तूप घरात निघायचं. तूप विकत घ्यायला गेलं तर बरं तूप किलोला सातशेच्या आसपास. म्हणजे दुधाच्या बिलातले साडेतीनशे-चारशे रुपये दर महिन्याला तुपातून परत येत होते, ताक वेगळं, खाली राहिलेल्या बेरीत साखर घालून मुलं खायची ते वेगळं. हा हिशोब न धरता जो कोणी "दूध साठ-सत्तर रुपये, सोया सहा रुपये" असं सांगतो त्याने अर्धाच हिशोब केलाय. मी म्हशीचं दूध बंद केल्यावर दुसऱ्याच महिन्यात तुपाची बरणी विकत आणली तेव्हा मला फार लागलं. पैसे तर गेलेच, वर त्या तुपाला रवाही नव्हता आणि वासही नव्हता.

आणि गंमत म्हणजे सोयादुधावरही साय धरते! पसरट पातेल्यात मंद आचेवर ठेवलं की वर पिवळसर पडदा येतो, काडीने अलगद उचलता येतो, लगेच दुसरा धरतो. चीन-जपानमध्ये हा पडदा वाळवून विकतात, जपानीत युबा म्हणतात. त्याचं लोणी होत नाही, कारण तो मुख्यतः प्रोटीनचा असतो, तेल त्यात अडकलेलं. पण कांदा-टोमॅटोच्या रश्श्यात तुकडे करून टाकला तर इतका सुंदर लागतो की मुलं भांडून खातात. वर्षभरात या प्रयोगातलं मला सगळ्यात जास्त आवडलेलं हेच. मशीनमध्ये मात्र हे होत नाही, दूध पातेल्यात काढावं लागतं.

आता मशीनबद्दल मत का बदललं ते. दुरुस्तीच्या वादात ते पडून होतं तेव्हा मिक्सरवर करायला लागले. भिजलेलं सोयाबीन चोळून सालं काढायची, मिक्सरमध्ये उकळतं पाणी घालून वाटायचं, फडक्यातून गाळायचं, मग पातेल्यात चांगलं उकळायचं. उकळत्या पाण्याचा फायदा असा की सोयाबीनला जो कच्चा हिरवट वास येतो तो वाटताना एका एन्झाइममुळे तयार होतो, गरम पाण्याने ते तिथेच मरतं. माझं मशीन गार पाण्यात दळून नंतर तापवतं, म्हणून त्याच्या दुधाला तो वास राहतोच. वर्षभर आम्ही वेलची घालून तो वास दाबत होतो आणि मिक्सरच्या दुधाला वेलचीची गरजच पडली नाही. उकळताना एक लक्षात ठेवा, फेस लवकर वर येतो, तो आला म्हणजे उकळलं असं नाही, गॅस बारीक करून पुढे दहा-पंधरा मिनिटं ठेवायचंच, कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारे घटक असतात ते उष्णतेने जातात. राहिलेला चोथा थालिपिठात. म्हणून ज्याच्याकडे बरा मिक्सर आहे त्याने मशीन घेऊ नये असं आता माझं स्पष्ट मत आहे.

चहाचं थोडक्यात. कडक, आल्याच्या उकळत्या चहात सोया ओतलं की फुटतं. चहा कोरा उकळून गाळायचा, सोयादूध वेगळं गरम करायचं, आणि दुधात चहा ओतायचा, चहात दूध नाही. गुळाचा असेल तर आणखी जपून. तरीही चहा चहासारखा लागत नाही हे मान्य.

त्यावरून दुसरं मत बदललं. मधे गावाला गेले होते तेव्हा तिथे सोया कुठलं, तीन-चार दिवस साधा दुधाचा चहा प्यायले आणि पोटाला काहीही झालं नाही. मग नीट वाचलं. लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारसा त्रास देत नाही, म्हणजे साधारण एक मोठा कप दूध. चहाच्या कपात दूध असतं पन्नास-साठ मिली, त्यात तीन ग्रॅमपेक्षा कमी. मला त्रास व्हायचा तो रात्रीच्या मोठ्या ग्लासातल्या हळदीच्या दुधाने आणि उन्हाळ्यात कोल्ड कॉफीने. दही-ताक तर कधीच त्रास देत नव्हतं, विरजणातले जिवाणू थोडंफार लॅक्टोज खाऊन टाकतात, आणि तुपात ते जवळजवळ नसतंच. त्यामुळे आता चहाला परत गाईचं दूध आलंय.

जे पूर्ण सोडणार आहेत त्यांना कळकळीने दोन गोष्टी सांगते. घरच्या सोयादुधात कॅल्शियम गाईच्या दुधाच्या पाव हिश्श्यापेक्षाही कमी असतं. पॅकेटमध्ये वरून घातलेलं असतं पण ते तळाला बसतं, पॅकेट हलवल्याशिवाय ओतलं तर ते पॅकेटातच राहतं. मोठ्या माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम लागतं असं आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था सांगते. नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास असतं, तिळात त्याहून कितीतरी जास्त, तर भाकरी आणि तिळाची चटणी रोजच्या जेवणात आणा. दुसरं व्हिटॅमिन बी-12. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने इकडच्या लोकांत बी-12 ची कमतरता किती पसरलीय हे वर्षानुवर्षं दाखवलंय. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध-दह्यातून मिळतं, घरच्या सोयादुधात ते अजिबात नाही. शाकाहारी असाल आणि दूधही सोडलंत तर तपासणी करून डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा, यात आळस करू नका, नसांवर परिणाम होतो. आमच्या सासूबाई थायरॉइडची गोळी घेतात, त्यांच्या गोळीनंतर सोया काय आणि दूध काय, दोन्ही बरंच अंतर ठेवून देतो, कारण दोन्हींमुळे गोळी नीट शोषली जात नाही.

माझी पुतणी प्राण्यांसाठी दूध सोडा म्हणते, वासरांचं काय होतं ते सांगते, आणि तिचं ऐकून मला खरंच वाईट वाटतं. हवामानाच्या हिशोबातही सोया गाईच्या दुधापेक्षा बरंच हलकं पडतं हे खरं आहे. पण माझ्या मामांकडे संगमनेरला आठ गाई आहेत, 2024 मध्ये दूध संघाचा दर लिटरला 28 आणि वर सरकारचं 7 रुपये अनुदान, त्या अनुदानाची वाट बघत त्यांनी पेंडेची उधारी वाढवलेली मी पाहिलीय. सोयाबीनवाली नणंद एका बाजूला, गाईवाले मामा दुसऱ्या बाजूला, दोघंही भावासाठीच झगडतायत. मला यातल्या एकालाच निवडता येत नाही, म्हणून घरात दोन्ही येतं.

तर सध्याची व्यवस्था अशी. म्हशीचं दूध लिटरऐवजी अर्धा लिटर, चहाला गाईचं थोडं, पिण्याचं सगळं सोया, आठवड्यातून तीनदा मिक्सरवर. साय परत साठायला लागलीय, तूप आधीच्या निम्मं निघतं, तेवढं पुरतं. सायीसाठी दूध बदलत असाल तर एक बघा, टेट्रापॅकमधलं आणि होमोजिनाइज्ड लिहिलेलं दूध घेऊ नका, त्यात फॅटचे कण फोडून मिसळलेले असतात, कितीही तापवा, वर धड साय धरत नाही.

मशीनचं म्हणाल तर लेखी तक्रार वर पाठवल्यावर हीटर फुकट बदलून मिळाला. आता त्यात थंडीत टोमॅटोचं सार करते, ते छान होतं. दोन स्टार, तेही सारासाठी. सोयादुधाला चार.

आणि कोणी हे वाचून गावाकडून सोयाबीन आणणार असेल तर खाण्याचंच आणा, पेरणीच्या बियाण्याच्या बॅगेतलं उरलेलं घेऊ नका, त्याला बुरशीचं औषध चोळलेलं असतं, धुऊन जात नाही.