बाहेरून मेल पाठवणाऱ्यांसाठी: व्हीपीएन की ५८७ वर लॉगिन?

ऑफिसातल्या मशीन्सचा प्रश्न नाही. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या 'मायनेटवर्क्स'मध्ये, म्हणजे विश्वासू पत्त्यांच्या यादीत, आयपी रेंज टाकली की भागतं. डोकं खातात ते रोज नवा आयपी घेऊन येणारे. त्यांचं अडू नये आणि सर्व्हरही ओपन रिले (कोणाचाही मेल कुठेही पोचवणारा) होऊ नये, यासाठी आज विचार करण्यासारखे पर्याय दोनच: सगळ्यांना व्हीपीएनमधून, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतच्या खासगी टनेलमधून, आत घ्या, नाहीतर सबमिशन पोर्टवर (मेल पाठवणाऱ्यांसाठीचं दार, ५८७ किंवा ४६५) लॉगिन मागा. मी दोन्ही चालवले आहेत.

पॉप-बिफोर-एसएमटीपी अजून कुठेकुठे दिसतं, पण ते सोडाच. मेल वाचणाऱ्या आयपीला थोडा वेळ रिले उघडायचा, ही ती युक्ती. मोबाइल नेटवर्कवर एकाच आयपीमागे ढीगभर अनोळखी फोन असतात, दार त्या सगळ्यांना उघडतं. वर आयमॅप आयडलमुळे (नव्या मेलची वाट बघत जोडणी चालू ठेवायची सोय) फोन एकदा लॉगिन करून तासन् तास जोडलेला राहतो, नवं लॉगिन होत नाही, मुदत संपते; मग मेल येतो, पण जात नाही.

कागदावर व्हीपीएन सरस आहे. ५८७ आणि ४६५ बाहेर उघडावेच लागत नाहीत, पासवर्ड चाचपणारे बॉट लॉगमध्ये दिसत नाहीत, आणि वायरगार्ड हे सोपं व्हीपीएन सॉफ्टवेअर आल्यापासून सेटअपही किचकट राहिला नाही. माझं बिनसलं ते आउटबॉक्सवरून. बॅटरी वाचवायला फोन गुपचूप टनेल पाडतो. माणूस 'पाठवा' दाबून फोन खिशात टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी तक्रार येते: 'मी पाठवलाय, त्यांना मिळाला नाही.' मग तुम्ही क्यू (थांबलेल्या मेलची रांग) बघा, लॉग ग्रेप करा (शोधा), समोरच्याला स्पॅम फोल्डर उघडायला लावा. लॉगमध्ये काही सापडत नाही, कारण सर्व्हरपर्यंत काही आलेलंच नसतं. मेल त्याच फोनच्या आउटबॉक्समध्ये पडून असतो. लॉगिनच्या पद्धतीत पासवर्ड चुकला तर निदान ५३५ ची (लॉगिन नाकारल्याची) ओळ तरी दिसते. दिसणाऱ्या चुकीशी मी भांडू शकतो. कदाचित हा माझ्या स्वभावाचा भाग असेल, पण निर्णय इथेच झाला.

आणखी एक बारीक गोष्ट: टनेलची रेंज 'मायनेटवर्क्स'मध्ये टाकलीत की आत आलेल्या मशीनला कोणी काही विचारत नाही. लॅपटॉपवर काही शिरलं तर तेही मुकाट रिले होतं.

लॉगिनची बाजू निर्दोष नाही. एक पासवर्ड फुटला की तांत्रिकदृष्ट्या ओपन रिले नसूनही तुम्ही स्पॅम पाठवणाऱ्यांच्या ब्लॅकलिस्टमध्ये जाता. यादीवाल्यांना कारणाशी घेणं नाही. म्हणून एवढं कराच. २५ वर, म्हणजे सर्व्हर-सर्व्हरमधल्या मेलच्या पोर्टवर, ऑथ (लॉगिन) देऊच नका. ५८७ वर टीएलएसआधी (एन्क्रिप्शन सुरू होण्याआधी) पासवर्ड स्वीकारू नका. नव्या क्लायंटना (मेल ॲप्सना) सरळ ४६५ द्या, तिथे टीएलएस सुरुवातीपासूनच असतं; २०१८ च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेट मानकाचा कलही तिकडेच आहे. सेंडर-लॉगिन मॅप लावा, म्हणजे एका खात्यातून भलत्याच पत्त्याच्या नावाने मेल जाणार नाही. खात्यामागे ताशी मर्यादा ठेवा. वारंवार लॉगिन चुकणारा आयपी अडवणारं फेल-टू-बॅन आहेच. इतकं करूनही खातं फुटलं, तर पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये आयपीबरोबर युजरनेम असतं. कोणाचं बंद करायचं ते मिनिटात कळतं.

सगळे लॅपटॉप कंपनीचे असतील, टनेल कायम चालू राहण्याची सक्ती असेल आणि फोनवरून कोणी मेल पाठवत नसेल, तर व्हीपीएन घ्या, मी वाद घालणार नाही. एसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन) आणि ॲडमिन पॅनेलसाठी माझ्याकडेही तेच आहे.

काहीही निवडा, तपासणी बाहेरून करा, टनेल बंद ठेवून. २५ वर टेलनेट करा (हाताने जोडणी) आणि 'आरसीपीटी टू'मध्ये (मेल कोणाला ते सांगणारी आज्ञा) परक्या डोमेनचा पत्ता द्या. ५५४, रिले ॲक्सेस डिनाइड, असं उत्तर हवं. ४५४ आलं तर पोस्टफिक्सचं डिफॉल्ट 'डिफर' तसंच राहिलंय: मेल अडतो, पण पाठवणाऱ्याला 'नंतर ये' असं सांगितलं जातं. तिथे 'रिजेक्ट अनऑथ डेस्टिनेशन' घाला.