एचसीआय: प्रयोगशाळेत राहावं का कंपनीत जावं?

नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली माझी पुतणी दिवाळीत लातूरला आली आणि तिने सरळच विचारलं, "काका, माणूस आणि कॉम्प्युटर यांच्या मधलं काम करायचंय मला, ते एचसीआय म्हणतात ना, ते. पीएचडी करू का नोकरी धरू?" डॉक्टर आणि इंजिनिअर यांच्यापलीकडे तिसरं काही असतं हे ‘लातूर पॅटर्न’च्या गावात अजून नीटसं पटलेलं नाही. तिथे हा प्रश्न फराळाच्या ताटासमोर निघाला, याचंच मला अप्रूप वाटलं. मी दोन्हीकडे राहून आलोय. तीन वर्षं एका संस्थेच्या प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक होतो, नंतर आजतागायत पुण्यातल्या एका कंपनीत आहे. तिला जे सांगितलं तेच इथे, जरा सविस्तर.

प्रवेशाच्या वाटा तुम्हाला ठाऊक असतीलच. डिझाइनच्या अंगाने जायचं तर सीड ही प्रवेश परीक्षा देऊन मुंबई आयआयटीचा डिझाइन विभाग आयडीसी नाहीतर गुवाहाटी आयआयटी, संगणकाच्या अंगाने जायचं तर गेट परीक्षा. कंपनीवाले तुमचे मार्क कमी आणि केलेलं काम जास्त बघतात. पैशाचंही उरकून टाकू. जेआरएफला, म्हणजे पीएचडी करणाऱ्या कनिष्ठ संशोधकाला, जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर सुरुवातीलाच ७०,०००, पण ती मोजक्यांनाच मिळते. कंपनीत पुढे जाऊन यापेक्षा बरंच जास्त मिळतं, हे मी लपवणार नाही. घरचं कर्ज फेडायचं असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

प्रयोगशाळेचं सुख खरं आहे. प्रश्न तुमचा असतो. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकाने सॅन फ्रान्सिस्कोत दीड तासात माउस, पडद्यावरून समोरासमोर बोलणं आणि दोघांनी मिळून एकाच मजकुरावर काम करणं दाखवलं. अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरबरोबर माउस घराघरांत जायला १९८४ उजाडलं. सोळा वर्षं थांबायची तयारी कोणत्या विक्री विभागाने दाखवली असती? आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर मुंबई आयआयटीतल्या मंडळींनी केलेलं स्वरचक्र. इंग्रजी कीबोर्डात देवनागरी कोंबण्याऐवजी त्यांनी शाळेतल्या वर्णमालेचा तक्ताच फोनवर आणला. ‘क’वर बोट टेकवलं की भोवती का, कि, की, कु असं चक्र उमटतं. माझ्या आईने आयुष्यातला पहिला मेसेज त्याच्यावर लिहिला. असलं काम बघितलं की प्रयोगशाळेत राहावंसं वाटतंच.

तिथला त्रास म्हणजे पेपरचं वर्षाचं चक्र. सीएचआय या आमच्या विषयातल्या मोठ्या वार्षिक परिषदेसाठी सप्टेंबरात पेपर धाडायचा आणि मग परीक्षकांच्या शेऱ्यांची वाट बघायची. एका परीक्षकाने आम्हाला विचारलं होतं की शेतकरी स्वतः वेबसाइट का बघत नाहीत. त्याची सवय होते. मी त्यासाठी सोडलं नाही.

सोडलं ते एका सिमकार्डामुळे.

आमचा प्रकल्प होता बाजारभाव आवाजात सांगणारी सेवा. औसा तालुक्यातल्या शेतकऱ्याने एका नंबरवर मिस कॉल द्यायचा, यंत्राने त्याला उलट फोन करायचा आणि त्या दिवशीचा तुरीचा, सोयाबीनचा भाव मराठीत सांगायचा. आवाज एका बाईंचा, आधी ध्वनिमुद्रित केलेला. शब्द निवडायला आम्ही दोन महिने घातले. ‘आवक’ लोकांना कळायचं, ‘सरासरी दर’ नाही कळायचा. ‘बरा माल’ आणि ‘हलका माल’ म्हटलं की लगेच कळायचं. छान चाललं होतं. घाईघाईत ते सिम मी माझ्या आधारवर घेतलं, कारण संस्थेच्या नावावर घ्यायचं तर तीन सह्या लागत होत्या.

मार्चमध्ये अनुदान संपलं. सर्व्हर बंद झाला, सिम माझ्या फोनमध्ये आलं. पेपर मात्र निघाला, आणि त्यात मी स्वतःच्या हाताने लिहिलेलं वाक्य आहे की सहभागी शेतकऱ्यांनी ही सेवा पुढेही वापरण्याची इच्छा व्यक्त केली. ती इच्छा रोज सकाळी साडेसहाला माझ्या फोनवर यायची. मिस कॉल. मी उलट फोन केला की पलीकडून, "सर, ती भाव सांगणारी बाई बोलंना की. कामून?" पहिले काही आठवडे मीच बाजार समितीचे भाव शोधून सांगत बसलो, मग खोटं बोलू लागलो की दुरुस्ती चालू आहे. वर्ष उलटलं तरी एक काका आठवड्यातून दोनदा मिस कॉल द्यायचे. त्यांना सेवा बंद झाली हे मी तीनदा सांगितलं होतं. मला वाटतं, ते फक्त खात्री करून घेत होते.

प्रत्येक प्रयोगाचं असंच होतं असं नाही. गुजरातमध्ये शेतकऱ्यांसाठी आवाजावर चालणारं ‘अवाज ओटलो’ आधी संशोधन म्हणून उभं राहिलं आणि पुढे त्यातून कंपनी निघाली. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये सुरू झालेलं, शेतकऱ्यांना व्हिडिओतून माहिती देणारं डिजिटल ग्रीन आज स्वतंत्र संस्था आहे. पण त्यासाठी प्रयोग संपल्यावरही पाय रोवून राहणारं कुणीतरी लागतं, आणि पीएचडीच्या हिशेबात ती वर्षं कुठेच धरत नाहीत.

आता कंपनी. आम्ही कृषी सेवा केंद्रांसाठी उधारीच्या वहीचं सॉफ्टवेअर बनवतो. पाच माणसांवर चाचणी केली की बहुतेक अडचणी दिसतात, हे जेकब नीलसन या वापरसुलभतेच्या जाणकाराचं म्हणणं इथे जवळजवळ धर्मग्रंथासारखं चालतं, आणि ते मला नेहमीच पटत नाही. पुण्यातले पाच आणि किनवटमधले पाच सारखे नसतात. तरी एक गोष्ट सांगतो. किनवटकडच्या एका दुकानात बघितलं की मालक नावाने गिऱ्हाईक शोधतो आणि पडद्यावर एकाच गावचे तीन बालाजी येतात. मग तो गल्ल्याखालची जुनी वही काढतो. त्या वहीत नावापुढे लिहिलेलं होतं, ‘बालाजी, गिरणीवाल्याचा’. आम्ही ‘ओळख’ नावाची एक रिकामी चौकट वाढवली. एवढंच. दोन आठवड्यांत ती सगळ्या दुकानांत पोचली, आजही आहे, आणि एकदा ती बिघडली तेव्हा रात्री अकराला ज्याच्याकडे जबाबदारी होती तो उठून बसला. माझ्या फोनवर कुणाचा मिस कॉल आला नाही.

या चौकटीवर पेपर निघणार नाही. मुलाखतीसाठी दुकानात तीन दिवस बसू द्या म्हटलं तर एक दिवस मिळतो, आणि तुमच्या चाळीस पानी टिपणाची वरच्या बैठकीत दोन ओळींची स्लाइड होते. याहून वाईट प्रसंगही येतात. ‘वर्गणी बंद करा’ हे बटण फिकट करून खाली ढकला, असं मला एकदा सांगण्यात आलं. मी भांडलो, अर्धंमुर्धं जिंकलो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी असल्या फसव्या मांडणीचे १३ प्रकार नियमावलीत घातले, तेव्हापासून भांडायला निदान हातात कागद असतो. ज्याला असली भांडणं जमत नाहीत त्याने कंपनीत येण्याआधी विचार करावा.

माझा कल कुठे आहे ते तुम्हाला कळलंच असेल. पण तो माझ्यापुरता. ज्याला खरोखर नवा प्रश्न पडलाय, ज्याचं उत्तर अजून कुणाकडेच नाही, त्याने नोकरी धरून तो प्रश्न वाया घालवू नये. माझ्याकडे तसा प्रश्न नव्हता. मला तीन बालाजींची भानगड सोडवायला आवडते. मधली वाटही आहे: आधी दोन-तीन वर्षं कंपनीत काढून मग पीएचडीला जाणं. माझ्या ओळखीतले दोघे तसे गेले आणि दोघेही सुखात दिसतात, निदान सप्टेंबर सोडून.

पुतणी सध्या गेटचा अभ्यास करतेय. तिचं मन संशोधनाकडे आहे, आणि मी मोडता घातलेला नाही. फक्त एवढं बजावलंय की प्रकल्पाचं सिम स्वतःच्या नावावर घेऊ नकोस, आणि घेतलंस तर मग बंद करू नकोस. माझं अजून चालू आहे. दर महिन्याला रिचार्ज मारतो.