सीए फाउंडेशन की सीएमए फाउंडेशन: तयारीच्या अंगाने तुलना

सीए (सनदी लेखापाल) आणि सीएमए (परिव्यय लेखापाल) होण्याच्या वाटेवरच्या पहिल्या पातळीच्या परीक्षा म्हणजे सीए फाउंडेशन आणि सीएमए फाउंडेशन. या दोन परीक्षांचे अभ्यासक्रम शेजारी-शेजारी ठेवले, तर पहिल्या नजरेला फारसा फरक दिसत नाही. लेखाकर्म, व्यवसायविषयक कायदे, गणित व संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र या चार विषयांभोवतीच दोन्हींकडचे चार पेपर बेतलेले आहेत. प्रत्येक पेपर १०० गुणांचा असतो, आणि उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक पेपरात किमान ४० आणि चारही पेपर मिळून किमान ५० टक्के गुण लागतात, हा नियमही सारखाच आहे. त्यामुळे एकीची तयारी केली की दुसरीची आपोआप होते, असे विद्यार्थी एकमेकांना सांगतात. हे अर्धेच खरे आहे. सीए फाउंडेशनची अर्धी परीक्षा उत्तरे लिहून द्यायची असते, तर सीएमए फाउंडेशनची सगळी परीक्षा पर्याय निवडून द्यायची असते. बारावीनंतर कोणत्या वाटेने जावे हे ठरवताना या एका फरकाला जितके वजन द्यायला हवे, तितके ते दिले जात नाही, असे माझे मत आहे.

आधी रचना पाहू. इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाच्या नव्या योजनेनुसार, म्हणजे जून २०२४ च्या परीक्षेपासून, फाउंडेशनचे पहिले दोन पेपर, लेखाकर्म आणि व्यवसायविषयक कायदे, प्रत्येकी तीन तासांचे व लेखी असतात. तिसरा पेपर व्यवसायगणित, तर्कक्षमता व संख्याशास्त्राचा आणि चौथा अर्थशास्त्राचा. हे दोन्ही प्रत्येकी दोन तासांचे व वस्तुनिष्ठ असून त्यांत प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे पाव गुण कापला जातो. इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स ऑफ इंडियाच्या फाउंडेशनमध्ये चारही पेपर वस्तुनिष्ठ असतात, दर पेपरात दोन गुणांचे पन्नास प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला गुणकपात नसते. विषयांतही थोडा फरक आहे. सीएमएकडे परिव्यय लेखांकनाची, म्हणजे उत्पादनखर्चाच्या हिशेबाची, तोंडओळख फाउंडेशनलाच होते, कायद्याच्या जोडीला व्यावसायिक संप्रेषण आणि अर्थशास्त्राच्या जोडीला व्यवस्थापन येते. सीएकडे परिव्यय लेखांकन इंटरमीडिएटला, म्हणजे पुढच्या पातळीला, भेटते, पण तर्कक्षमतेचे २० गुण फाउंडेशनलाच असतात.

उत्तीर्णतेच्या नियमाकडे मात्र दोन्हींकडे नीट पाहायला हवे. चारही पेपरांत बरोबर ४० गुण मिळवणारा विद्यार्थी १६० वर थांबतो आणि अनुत्तीर्ण होतो, कारण त्याला २०० हवे असतात. वरचे ४० गुण कोणत्या विषयातून आणायचे, हे तयारीच्या पहिल्याच महिन्यात ठरवावे लागते. सीए फाउंडेशनमध्ये एखाद्या पेपराची सूट पुढे नेता येत नाही. एका विषयात ३८ गुण पडले, तरी चारही पेपर पुन्हा द्यावे लागतात. म्हणून आवडता विषय घोटत राहून नावडता शेवटच्या पंधरा दिवसांवर ढकलण्याची सवय येथे फार महागात पडते.

आता लेखी आणि वस्तुनिष्ठ यांतला फरक एका उदाहरणावरून पाहू. बँक जुळवणी पत्रकाचे, म्हणजे रोख पुस्तकातील आणि पासबुकातील शिल्लक जुळवून पाहणाऱ्या पत्रकाचे, साधे उदाहरण घ्या. रोख पुस्तकाप्रमाणे बँकेतील शिल्लक १२,४०० रुपये आहे. दिलेले पण बँकेत वटण्यासाठी सादर न झालेले धनादेश ३,१५० रुपयांचे आहेत, भरलेले पण वसूल न झालेले २,००० रुपयांचे आहेत, आणि बँकेने लावलेले ११८ रुपयांचे शुल्क रोख पुस्तकात नोंदलेले नाही. पासबुकातील शिल्लक येते १३,४३२ रुपये. लेखी पेपरात विद्यार्थ्याने पत्रकाचा मथळा दिनांकासह लिहायचा असतो, आरंभीची शिल्लक घ्यायची असते, अधिक करायच्या आणि वजा करायच्या रकमा कारणासह मांडायच्या असतात. शुल्काची ओळ त्याच्या हातून सुटली आणि उत्तर १३,५५० आले, तरी बाकीच्या पायऱ्या बरोबर असल्यामुळे बरेचसे गुण त्याच्या पदरात पडतात. वस्तुनिष्ठ पेपरात मात्र हीच १३,५५० ची रक्कम एक पर्याय म्हणून समोर बसलेली असते, आणि धनादेशांची चिन्हे उलटी धरली तर येणारी ११,१३२ ही रक्कमही बहुधा तेथेच असते. आपली चूक छापील पर्यायाशी जुळली की विद्यार्थ्याला ते बरोबर उत्तरच वाटते. थोडक्यात, लेखी पेपर मांडणी आणि गती तपासतो; वस्तुनिष्ठ पेपर अर्धवट समजेला क्षमा करत नाही. सीएमए फाउंडेशन ‘सोपे’ म्हणणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

कायद्याच्या पेपरात हा फरक आणखी ठळक होतो. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, व्यक्तीने केलेला करार प्रारंभापासूनच शून्य असतो, हे तत्त्व भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ वरून आणि मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या १९०३ च्या निर्णयावरून शिकवले जाते. सीएमएच्या विद्यार्थ्याला ‘शून्य’ (मुळातच निरर्थक) आणि ‘शून्यकरणीय’ (एका पक्षाच्या इच्छेने रद्द होऊ शकणारा) यांतला भेद पक्का माहीत असला, म्हणजे अशा प्रश्नाचा योग्य पर्याय निवडता येतो. सीएच्या विद्यार्थ्याला मात्र एक छोटी कथा दिली जाते: सतरा वर्षांच्या मुलाने वय लपवून कर्ज घेतले, आता सावकार पैसे मागतो आहे, सल्ला द्या. त्याला आधी कायद्यातील तरतूद, मग ती या घटनेला कशी लागू पडते याचे विवेचन आणि शेवटी निष्कर्ष, अशा क्रमाने उत्तर उभे करायचे असते. हे वाचून येत नाही, लिहूनच येते. ज्यांनी कायद्याचे प्रकरण पाच वेळा वाचले पण एकदाही कागदावर उतरवले नाही, अशा हुशार मुलांना या पेपरात ३५ च्या आसपास अडकताना मी पाहिले आहे, आणि त्याचे वाईट वाटते, कारण दोष समजेचा नसतो, सरावाचा असतो.

गुणकपातीविषयी विद्यार्थ्यांच्या मनात भीती असते, तिचा हिशेब मांडून पाहावा. सीएच्या वस्तुनिष्ठ पेपरात चार पर्यायांपैकी एकही बाद करता न येणारे वीस प्रश्न अंदाजाने सोडवले, तर सरासरीने पाच बरोबर आणि पंधरा चूक येतील. ५ उणे ३.७५ म्हणजे सव्वा गुण. एवढ्या लाभासाठी नशिबाच्या उलट्या फेऱ्याचा धोका पत्करण्यात अर्थ नाही. पण त्याच वीस प्रश्नांत दोन पर्याय निश्चितपणे बाद करता आले, तर सरासरी साडेसात गुणांपर्यंत जाते, आणि तेथे प्रश्न कोरा सोडणे हीच चूक ठरते. सीएमएकडे कपात नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडू नये, हे उघड आहे. गणिताच्या पेपरात सीएकडे १०० प्रश्नांसाठी १२० मिनिटे, म्हणजे दर प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात. त्यामुळे सूत्र माहीत असणे पुरत नाही, हातही बसलेला लागतो. नेहमीच्या साध्या कॅल्क्युलेटरवर १.०८ दाबून गुणाकाराचे बटण दाबावे आणि मग बरोबरचे बटण एकदा दाबले की वर्ग, दोनदा दाबले की घन, चारदा दाबले की पाचवा घात मिळतो. चक्रवाढ व्याजाच्या गणितात ही एक सवय प्रत्येक वेळी अर्धे मिनिट वाचवते. अकरावी-बारावीला गणिताऐवजी चिटणीसाची कार्यपद्धती घेतलेल्यांनी या विषयाला दोन्ही परीक्षांसाठी पहिल्या दिवसापासून रोजचा वेळ द्यावा. सीएमएकडे वस्तुनिष्ठ स्वरूप सर्वत्र असल्यामुळे त्यांना थोडा दिलासा मिळतो, पण विषय टळत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी भाषेचा मुद्दा या सगळ्याहून मोठा आहे. राज्य मंडळाच्या पुस्तपालन व लेखाकर्माच्या पुस्तकातून रोजकीर्द, खतावणी, तेरीज पत्रक, घसारा, ताळेबंद हे शब्द पक्के झालेले असतात, आणि ते फार अर्थवाही शब्द आहेत. ‘घसारा’ हा शब्द ऐकताच यंत्र झिजत असल्याचे डोळ्यांपुढे येते. सीए फाउंडेशनचे लेखी पेपर इंग्रजीतून किंवा हिंदीतून देता येतात, मराठीतून नाही. लिपी ओळखीची म्हणून काही विद्यार्थी हिंदी निवडायचा विचार करतात. तेथे तेरजेचे तलपट होते, घसाऱ्याचे ह्रास होते आणि रोजकीर्दीचा रोजनामचा होतो, म्हणजे संज्ञा नव्याने शिकण्याचे कष्ट वाचत नाहीतच. पुढे कार्यालयात सगळा व्यवहार इंग्रजीतून चालत असल्यामुळे त्या संज्ञा तिसऱ्यांदा शिकाव्या लागतात. म्हणून एकदाच कष्ट घेऊन इंग्रजी निवडावी, असे मी आग्रहाने सांगेन. वहीच्या एका पानावर डावीकडे मराठी आणि उजवीकडे इंग्रजी संज्ञा लिहून तीन-चारशे शब्दांची स्वतःची सूची केली, तर दीड-दोन महिन्यांत वाचनाची अडचण बहुतांशी दूर होते. लिहिण्याची अडचण दूर व्हायला मात्र त्याहून अधिक काळ लागतो. सीएमए फाउंडेशनला प्रश्न वाचून समजले की काम भागते, वाक्ये रचावी लागत नाहीत. ज्याचे इंग्रजी लेखन अजून कच्चे आहे त्याच्यासाठी हा खराखुरा फायदा आहे. तो तात्पुरता आहे, एवढे मात्र ध्यानात ठेवावे, कारण सीएमएच्या इंटरमीडिएटलाही वर्णनात्मक उत्तरे लिहावी लागतात. फाउंडेशनच्या काळात आठवड्याला दोन-तीन उत्तरे लिहिण्याचा सराव सीएमएच्या विद्यार्थ्यानेही सोडू नये.

वेळापत्रकाच्या दृष्टीने सीएकडे अधिक संधी आहेत. २०२५ पासून फाउंडेशन वर्षातून तीनदा, जानेवारी, मे-जून आणि सप्टेंबरमध्ये होते; सीएमए फाउंडेशन जून आणि डिसेंबरमध्ये होते. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, त्यामुळे मे-जूनसाठी हातात जेमतेम दोन महिने राहतात. अकरावीपासून समांतर तयारी केलेल्यांना ते पुरतात. इतरांनी, विशेषतः भाषा बदलणाऱ्यांनी, सप्टेंबर हीच आपली पहिली परीक्षा मानावी, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

फाउंडेशन टाळून जाणारी तिसरी वाटही आहे. वाणिज्य पदवी ५५ टक्क्यांनी आणि इतर पदवी ६० टक्क्यांनी मिळवणाऱ्याला सीए इंटरमीडिएटला थेट प्रवेश मिळतो आणि आठ महिन्यांच्या अभ्यासकाळानंतर परीक्षा देता येते. पदवीधराला सीएमए इंटरमीडिएटचीही दारे उघडी असतात, आणि सीएमए इंटरमीडिएट उत्तीर्ण झालेल्यालाही सीएकडे थेट प्रवेश घेता येतो. ज्याच्या घरची परिस्थिती लगेच नोकरी करण्याची आहे, किंवा ज्याला हा व्यवसाय आपल्याला मानवेल की नाही याची खात्री नाही, त्याने पदवीची तीन वर्षे घेण्यात काहीही कमीपणा नाही. खात्री असलेल्याने मात्र फाउंडेशन द्यावे. इंटरमीडिएटला जी गती लागते, ती फाउंडेशनच्या लेखी पेपरांनी घडलेली असते; थेट प्रवेश घेणाऱ्याला ती आठ महिन्यांत नव्याने कमवावी लागते.

एसीसीए या लेखापालांच्या ब्रिटिश पात्रतेविषयीही विचारणा होते. तिच्या पहिल्या पातळीवर तीन पेपर आहेत, ते संगणकावर, आपल्या सोयीच्या दिवशी देता येतात आणि प्रत्येकात ५० टक्के गुण लागतात. तयारीच्या दृष्टीने ही सर्वांत लवचीक परीक्षा आहे. पण तिचे शुल्क पौंडांत भरावे लागते आणि भारतात कंपनीच्या वैधानिक, म्हणजे कायद्याने बंधनकारक, लेखापरीक्षणावर सही करण्याचा अधिकार तिच्यामुळे मिळत नाही. कंपनी अधिनियम, २०१३ प्रमाणे तो अधिकार सनदी लेखापालाचा आहे, तसेच परिव्यय लेखापरीक्षण परिव्यय लेखापालाकडे आहे. लेखापरीक्षणात रस असेल तर सीए, कारखान्यातल्या उत्पादनखर्चाचा आणि किंमतनिश्चितीचा विचार करायला आवडत असेल तर सीएमए, ही दिशा येथूनच ठरते.

क्लास लावावा की स्वतः अभ्यास करावा, यावर मी थोडक्यात एवढेच म्हणेन की दोन्ही संस्थांचे अभ्याससाहित्य त्यांच्या संकेतस्थळांवर मोफत मिळते, आणि पैसे भरण्याआधी ते उघडून पाहावे. लेखाकर्माचा पाया कच्चा असेल तर मार्गदर्शक लागतोच. कायद्याच्या उत्तरांसाठी क्लासपेक्षा उत्तरे तपासून देणारी व्यक्ती अधिक उपयोगी पडते.

नोंदणीच्या मुदती चुकवू नयेत. सीए फाउंडेशनसाठी चार महिन्यांचा अभ्यासकाळ धरलेला असल्यामुळे मे-जूनच्या परीक्षेसाठी १ जानेवारी, सप्टेंबरसाठी १ मे आणि पुढच्या जानेवारीसाठी १ सप्टेंबर ही मुदत असते. सीएमएकडे जूनसाठी ३१ जानेवारी आणि डिसेंबरसाठी ३१ जुलै. बोर्डाचा शेवटचा पेपर झाल्यावर १ मेपर्यंत साधारण सहा आठवडे मिळतात. त्या काळात लेखाकर्माचे एक प्रकरण इंग्रजीतून अभ्यासून त्यावरची तीन उदाहरणे पूर्ण मांडणीसह लिहून सोडवावीत, त्याच प्रकरणावरचे पन्नास वस्तुनिष्ठ प्रश्न घड्याळ लावून सोडवावेत, आणि दोन्ही कागद आपल्या लेखाकर्माच्या सरांना किंवा मॅडमना दाखवून मगच कोणत्या संस्थेचा अर्ज भरायचा ते ठरवावे.