ठिणगीचा हिशेब: इम्पाला एसएस आणि साब ९-५ एअरो, चौदा महिन्यांनंतर

१९९६ ची शेव्हरोले इम्पाला एसएस आणि २००२ ची साब ९-५ एअरो या दोन सेडान मिशिगनमधील आमच्या घरी गेले चौदा महिने शेजारी शेजारी उभ्या आहेत. एकीचे ५.७ लिटरचे व्ही-८ आणि २६० अश्वशक्ती, दुसरीचे २.३ लिटरचे टर्बो आणि २५० अश्वशक्ती, हे शौकिनांना पाठ असते, त्यामुळे ते पुन्हा आळवत नाही. मला लिहायला बसवले ते गेल्या महिन्यातील गॅरेजच्या बिलाने.

इम्पालाच्या एलटी१ इंजिनातील ऑप्टिस्पार्क नावाचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणगीची वीज प्रत्येक सिलिंडरला वाटून देणारा भाग, इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी, पाण्याच्या पंपाखाली बसतो, आणि आत प्रकाशावर चालणारा सेन्सर असल्यामुळे त्याला ओल सोसत नाही. पंप उतरवताना तो झाकून घ्यावा, एवढे या इंजिनाला हात लावणाऱ्याला ठाऊक असायला हवे. आमच्या मेकॅनिकने त्यावर कूलंट सांडू दिले, दोन दिवसांनी गाडी चौकात बंद पडली, आणि नव्या ऑप्टिस्पार्कचे पैसे त्याच गॅरेजने माझ्याकडे मागितले. पाऊण तासाच्या वादानंतर मजुरी माफ झाली; पार्टची किंमत मात्र माझ्याच माथी आली.

या प्रकरणापूर्वी माझे मत नेमके उलटे होते. इम्पाला म्हणजे पोलिसांसाठी बनवलेल्या कॅप्रीस गाडीच्या दणकट सामग्रीवर उभी केलेली, जवळजवळ अठरा फुटी राकट गाडी, आणि साब म्हणजे पथ्यपाणी सांभाळावे लागणारी नाजूक पाहुणी, असे मी सर्वांना सांगत असे. पथ्याचे खोटे नाही: या काळातील साब इंजिनांत तेलाचा गाळ साठण्याची तक्रार प्रसिद्ध आहे, म्हणून गाडी घेताच ऑइल पॅन, म्हणजे इंजिनाखालचे तेलाचे भांडे, उतरवून तेलाची चाळणी पाहून घेतली होती.

ठिणगीच्या बाबतीत मात्र साबच्या अभियंत्यांना मानावे लागते. तिची इग्निशन कॅसेट, म्हणजे ठिणगीची वीज पुरवणारा भाग, चारही स्पार्क प्लगांवर एका लांबट पेटीसारखी बसते आणि चार स्क्रू सोडवले की हातात येते. शिवाय ठिणगी पडून गेल्यावर त्याच प्लगमधून वाहणारा सूक्ष्म प्रवाह मोजून ज्वलन नीट झाले की नाही, हे साबची ट्रायोनिक ही इंजिन सांभाळणारी संगणकीय यंत्रणा ओळखते. पेटवणारा आणि तपासणारा प्लग एकच. अशा ठिकाणी स्वस्त माल चालत नाही, हे मी स्वतःच्या पैशाने शिकलो. खबरदारी म्हणून डिसेंबरात कॅसेट बदलली, तीही निम्म्या किमतीची नक्कल आणून, आणि मार्चमध्ये हायवेवर गाडी अडखळू लागली. जुनी मूळ कॅसेट सुदैवाने डिकीतच होती. बर्फ पडत असताना बारा मिनिटांत ती बसवली आणि टो ट्रक न बोलावता घरी आलो. बनवणारी कंपनी डिसेंबर २०११ मध्येच दिवाळखोरीत गेली, तरी तिची गाडी रस्त्याच्या कडेला अशी दुरुस्त होते, याचे मला अजून नवल वाटते.

इम्पालावर मी अन्याय करतो आहे, असे घरच्यांचे म्हणणे आहे. पुण्याहून आलेल्या आईला तिचीच मागची सीट आवडते, आणि ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझ या डेट्रॉइटकडच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्यात त्या व्ही-८ च्या घरघरीपुढे साबला कोण विचारतो! तरीही साब विकण्याची जाहिरात मी काढून टाकली आहे. पुढच्या वेळी इम्पालाचा पाण्याचा पंप मी स्वतः बदलणार आहे, आणि त्याआधी ऑप्टिस्पार्कवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या बांधणार आहे.